‘मोठा अ‍ॅम्प घ्यायला लावून वूफर जाळता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण तपशील भरपूर दिलेत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं : गाडीतल्या वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या स्पीकरच्या) आरएमएसपेक्षा (तो सतत सोसू शकतो त्या वॉटपेक्षा) थोडा जास्त ताकदीचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घ्या, हा माझा सल्ला म्हणजे वूफर जाळायचा आणि दुकानदाराचा गल्ला भरायचा. शिवाय आकडे जुळवूनही तुमचा अ‍ॅम्प नाशकात गंगापूर रोडवरून निघालं की अशोक स्तंभ यायच्या आत प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो), तेव्हा ही आकडेमोडच फोल.

आधी प्रोटेक्टचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. तुमचा वूफर ३०० वॉट आरएमएस, दोन कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा), प्रत्येक कॉइल ४ ओहम (करंटला होणारा अडथळा). अ‍ॅम्प चार चॅनलचा, ७५ वॉटचे चॅनल, दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे जोडून एकाच वूफरला दिले, की ४ ओहमवर २५० वॉट. कागदावर जोडी छान जमते. पण फिटरने दोन्ही कॉइल पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी) जोडल्यात, म्हणजे अ‍ॅम्पला दिसतात २ ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलच्या वाट्याला त्याच्या निम्मा, म्हणजे १ ओहम येतो. ‘ब्रिजला किमान ४ ओहम’ हे पुस्तिकेतलं वाक्य तुम्हीच उतरवून पाठवलंय! करंट मर्यादेबाहेर जातो आणि अ‍ॅम्प जीव वाचवायला बंद होतो. मे महिन्याच्या उन्हावर खापर फोडू नका. तापून बंद पडायला वेळ लागतो. पहिल्याच दणक्याला बंद पडतो तेव्हा संशय ओहमवर घ्यायचा. (अर्थची वायर रंग खरवडून पत्र्याला घट्ट बसवलीय ना, तेही बघा.)

उपाय फुकटचा आहे. कॉइल सिरीजमध्ये (एकीपुढे एक) घ्या, ८ ओहम होतील. ताकद १५० वॉटच्या आसपास येईल, पण हळहळू नका : २५० चे १५० झाले तर आवाज जेमतेम २ डेसिबल उतरतो.

आता जळण्याचं. वूफर जळतो तो कॉइल तापून. लहान अ‍ॅम्पनेच वूफर जळतात, हे सरसकट विधान तुम्हाला पटत नाही, ते मलाही पटत नाही. १०० वॉटचा अ‍ॅम्प कितीही पिळला, पार क्लिप झाला (ताकद संपून लहरींचे शेंडे कापले गेले), तरी २०० वॉटच्या पुढे फारसा जात नाही. तुमचा वूफर तेवढं सहज सोसेल, फक्त आवाज फाटेल. पण २५० वॉटचा अ‍ॅम्प तसाच पिळला तर ५०० कडे सरकतो. तिथे कॉइलचा वास येतो. उलट कॉइल पॅरललच ठेवून २ ओहमला ४०० वॉट देणारा मोनो (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प ३०० वर आवरता येतो, आणि क्लिपिंगपासून लांब राहतो.

आवरायचं गेनने. गेन म्हणजे आवाजाचा नॉब नव्हे, स्टिरिओचा सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवायचा नॉब, पण आपल्याकडे निम्म्या गाड्यांत तो शेवटपर्यंत पिळलेला दिसतो. वूफर सोडवा, बेस बूस्ट बंद, स्टिरिओ पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. त्या मोनो अ‍ॅम्पसाठी ३०० वॉट गुणिले २ ओहम म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. मीटरवर साडेचोवीस व्होल्ट दिसले की गेन तिथेच सोडा.

आणि खोक्यावरच्या ‘२००० वॉट’कडे बघूही नका. आरएमएस किती, तेही किती ओहमला, एवढंच दुकानदाराला विचारा.

वायरिंग बदलण्याआधी अ‍ॅम्पकडची वायर काढून बॉक्सच्या टर्मिनलवर मीटरने ओहम मोजा. २ च्या जरा खाली आकडा आला तर कॉइल पॅरललमध्येच आहेत. सिरीज केल्यावर तोच सातच्या आसपास यायला हवा.