हट्टी बायकांची पुस्तकं लेकीला कशी वाचून दाखवावीत

लेकीच्या वाढदिवसाला कर्तबगार बायकांचं चित्रांचं पुस्तक आणलंत, झकास केलंत. मुलाला मात्र डायनोसॉर नाहीतर जेसीबीचंच घ्या. बायकांच्या गोष्टी वाचून त्याला काय करायचंय?

आता वाचून दाखवताना जरा जपून. सावित्रीबाईंचं पान तसं सोपं. 1848, पुणे, मुलींची शाळा. चित्रातलं शेण चॉकलेटी रंगाचं असतं, त्यामुळे पोरं घाबरत नाहीत. "शेण कोणी मारलं?" असं कार्टीने विचारलंच, तर "वाईट लोकांनी" म्हणायचं. "वाईट म्हणजे कोण? त्यांची आडनावं काय होती?" इथे दिवा मालवायचा.

आनंदीबाईंना 1886 साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी मिळाली, एवढं ठणकावून वाचा. मागे गोपाळराव कौतुकाने बघत उभे असतील तर उत्तमच. नवऱ्याच्या हातचा मार बाईंनी स्वतः पत्रात लिहून ठेवलाय, पण पत्राचं चित्र काय काढणार?

खरा धोका रखमाबाईंचा. लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. नवरा नांदायला ये म्हणून मुंबईच्या कोर्टात गेला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. हे पान आलं की अंगठ्याला थुंकी लावून दोन पानं एकदम उलटायची आणि थेट लंडनला उतरायचं. डॉक्टर झाल्या, शाब्बास, झोप आता. मधलं वाचलंत तर उद्या भेंडी नको म्हणतानासुद्धा ती तुरुंगात जायला तयार होईल.

3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मात्र हात आखडू नका. भाड्याची नऊवारी, कपाळावर आयलायनरने ओढलेली आडवी चिरी, हातात पाटी. फोटो लगेच स्टेटसला. निऱ्यांची पिन टोचतेय म्हणून ती भोकाड पसरते; तोंड मिटेल तेव्हाच क्लिक करा.

एवढी काळजी घेऊनही कधी घात होतोच. पाहुणे टेकतात, तुम्ही "बाळा, काकांना पाणी आण गं" म्हणता आणि ती सोफ्यावरून न हलता विचारते, "दादाचे पाय मोडलेत का?"

चिडू नका. पाहुण्यांसमोर हसा, "फार हुशार झालीये" म्हणा, पाणी स्वतः आणा. ते गेले की पुस्तक माळ्यावर, जुन्या मिक्सरच्या खोक्यामागे सरकवा. अगदी आत नको, पुढच्या 3 जानेवारीला काढावं लागेल.