गटारीच्या रविवारी हॉटेलात कसे जेवावे

श्रावण लागण्याआधीच्या शेवटच्या रविवारी घरच्यांना मालवणी हॉटेलात जेवायला नेण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळत असेल, त्यांनी आधी हे ध्यानात घ्यावे की हॉटेलात जेवणे ही एक विद्या आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती अवगत नाही. भूक लागली आहे, खिशात पैसे आहेत, एवढ्या भांडवलावर आपण निघतो. ही समजूत खाणावळींच्या जमान्यातली झाली. हॉटेलवाल्यांनी दरम्यान बरीच प्रगती केली, ग्राहक मात्र होता तिथेच राहिला, आणि दर रविवारी जे खटके उडतात ते त्याच्या या मागासलेपणापायी उडतात. गेल्या वर्षी ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीतल्या हॉटेलात मी स्वतः अत्यंत अडाणीपणाने वागलो. तुमच्या हातून तसे होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

माझी पहिली चूक अशी की मी सोबत आत्याला नेले. आत्या मालवणची. माशातले ज्याला कळते अशा माणसाला मालवणी हॉटेलात नेणे म्हणजे गवयाला वरातीच्या बँडसमोर नेऊन उभे करण्यासारखे आहे. त्यात गवयाचाही अपमान होतो आणि बँडवाल्यांचाही. ती आदल्याच दिवशी आली होती, येताना पिशवीभर सुका जवळा घेऊन आली होती, आणि संध्याकाळी भाकऱ्या भाजते असे दोनदा म्हणालीही होती. पण पाहुणीला घरात राबवायचे नाही, या उदात्त विचाराने मी पेटलो होतो. तुम्ही न्यायचेच असेल तर भाचरे न्यावीत, शेजारी न्यावेत, ज्यांना पापलेट आणि हलवा एकच मासा वाटतो असे सहकारी न्यावेत.

दारात एक मनुष्य वही घेऊन उभा असतो. तो तुमचे नाव लिहून घेतो आणि ‘पाच मिनिटं’ म्हणतो. कोणी ‘नमस्कार’ म्हटल्यावर आपण जसे हसून मान डोलावतो, तशी मान डोलवावी. घड्याळाकडे पाहू नये. पाऊण तासाने आम्ही मासुंदा तलावाला एक फेरी मारून यावे म्हणून निघालो आणि परतलो तेव्हा आमच्या नावावर काट मारलेली होती. ‘हाक मारली तेव्हा तुम्ही नव्हतात.’ याला उत्तर नव्हते, कारण आम्ही खरोखरच नव्हतो. नाव पुन्हा शेवटी लागले. तात्पर्य, पावसात भिजावे लागले तरी वहीपासून दहा हातांपलीकडे जाऊ नये आणि लहान मुलांना आळीपाळीने पुढे उभे करावे.

जागा मिळाली की मेनूकार्ड येते. ते वाचू नये, नुसते पाहावे. आमच्या हाती आलेल्या कार्डावर मालवणी, पंजाबी, चायनीज आणि तंदूर अशी दाटीवाटीची सहा पाने होती, आणि प्लॅस्टिकच्या आवरणावर आधीच्या टेबलाचा रस्सा अजून ओला होता. एवढे पदार्थ हे करतात कसे, या विचाराने माणूस दडपतो. दडपण्याचे कारण नाही. सकाळी मोठाली तीन पातेली चढतात: एक कांदा-टोमॅटोचे लाल, एक काजू-मगजाचे पांढरे आणि एक पालक-कोथिंबिरीचे हिरवे. पुढचे सगळे काम भाषेचे आहे. लालमध्ये तिखट वाढले की ते कोल्हापुरी होते, लालमध्ये पांढरे मिसळले की मखनी होते, वर पापड ठेवला की जयपुरी होते आणि हिरवे ओतले की थेट हैदराबाद येते. व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी आपल्या घरी कधी शिजली नाही, असे कोल्हापूरकर शपथेवर सांगतात. परंतु कोल्हापूर ठाण्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे आणि तिथून तक्रार करायला कोणी येत नाही.

मालवणची गोष्ट निराळी, कारण मालवण आमच्याच टेबलावर बसले होते. मालवणी विभागासाठी आत चौथे पातेले असावे, वाटपाचे. आता माशाच्या आमटीला ओल्या खोबऱ्याचे कच्चे वाटप लागते, त्यात कोकम आणि बांगडा असेल तर तिरफळ. कोंबडीला कांदा-खोबरे खरपूस भाजून गरम मसाल्याबरोबर वाटावे लागते. ही दोन वाटपे ज्या घरात एक झाली त्या घरातल्या सुनेचे काय होते, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. हॉटेलवाल्यांनी मात्र हा जुना भेदभाव मोडून काढला आहे. काजूची उसळ, कोंबडीचा रस्सा आणि माशाची आमटी तिन्ही वाट्यांत एकाच रंगाने आली, एकाच वासाने आली, आणि वर तरंगणाऱ्या तेलाच्या कडेवर एकसारखीच चमकली. आत्याने आमटीत बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाली, “ह्यां कोंबडीचां वाटाप.” मी तिला हळू बोलायला सांगितले. तुम्हीही सांगा.

सुरमई मागवण्याची ज्यांना खोड आहे, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. कार्डावर सुरमईपुढे आकडा नसतो, ‘साइजप्रमाणे’ असे लिहिलेले असते. साइज कोणाची, हे विचारू नये. बिल आल्यावर कळते. मी तिच्या ताजेपणाची चौकशी केली, तेव्हा वाढणारा मुलगा म्हणाला, “एकदम ताजी, साहेब. आज सकाळीच बोटीतून उतरली.” जुलै महिना चालू होता. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणून तर कोकणात या दिवसांत सुक्या मासळीचे डबे उघडतात. तेव्हा गटारीच्या रविवारी ठाण्यात सकाळी सुरमई उतरवणारा जो कोणी खलाशी असेल, त्याच्या धाडसाचे मनातल्या मनात कौतुक करावे आणि पुढचा प्रश्न गिळावा.

तुकडी आली ती रव्याच्या चिलखतात. चिलखत खरोखर उत्तम होते: सोनेरी, खरखरीत, कडेला किंचित करपलेले. बोटाने दाबल्यावर ते टचकन फुटले, आत थोडी पोकळी लागली, आणि पोकळीच्या तळाशी राखाडी रंगाचा, पोस्टकार्डाहून जरासा जाड असा एक थर निघाला. आत्याने तो खाल्ला नाही. तिने तुकडी उलटी केली, कातडीवरून अंगठा फिरवला, नखाने मांस बाजूला सारले आणि मधल्या काट्याखेरीज जे केसासारखे बारीक, दुतोंडी काटे निघाले ते एकेक करून ताटाच्या कडेला ओळीने मांडले. सात झाले तेव्हा ती थांबली. “ही खाऱ्या पाण्यातली न्हय,” ती म्हणाली. मी मुलाला बोलावले. त्याने ताटाकडे पाहिले नाही. कार्ड उघडून, बोट ठेवून दाखवले. “सुरमईच आहे, आजी. हे बघा, लिहिलंय.” अशा प्रसंगी काट्यांपेक्षा छापील मजकूर प्रमाण मानण्याची सवय ठेवावी.

सोलकढी मागवल्यास एका किमतीत दोन पेये मिळतात, वर पांढरे आणि खाली गुलाबी. ढवळून एक करण्याचा मोह टाळावा, कारण चमचा मागितला तर तो बडीशेपेबरोबर येतो.

वाढणाऱ्या मुलाविषयी मात्र, थट्टा बाजूला ठेवून, एक गोष्ट लिहितो. तो एकटा नऊ टेबले सांभाळत होता. चार ग्लास एकाच हाताने, प्रत्येकात एकेक बोट बुडवून आणत होता हे खरे, पण त्याला दुसरा हात मोकळा ठेवायचा होता आणि तिसरा नव्हता. भात आधी, आमटी नंतर आणि वडे अगदी शेवटी, गार होऊन चिवट झालेले, असे आले तेव्हा तो ज्या तऱ्हेने गल्ल्याकडे पाहत होता, ते पाहून मला त्याला रागवता आले नाही. ज्यांच्यावर रागवायचे ते गल्ल्यावर बसून मोबाइलवर क्रिकेट पाहत होते. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर गणपती होता, गणपतीला भरघोस हार होता आणि हाराखाली अन्न परवान्याचा फलक होता. त्या १४ अंकी क्रमांकातले सहा अंक दिसत होते. उरलेल्या आठांवर झेंडू होता.

बिलाच्या वेळी ग्राहकाची खरी परीक्षा असते. पाण्याची बाटली २० रुपये छापील किमतीची, लावली ४० रुपयांनी. येथे कायद्याच्या गप्पा मारू नयेत, कारण येथे कायदा त्यांच्या बाजूला आहे: हॉटेल नुसती बाटली विकत नाही, तिच्याबरोबर बसायला जागा आणि सेवा देते, म्हणून छापील किमतीहून अधिक आकारू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलेले आहे. म्हणजे सेवेचे पैसे बाटलीत आले. मग बाटलीखालच्या ओळीत १० टक्के ‘कर्मचारी कल्याण निधी’ कशाचा, असा बाळबोध प्रश्न मी केला. सेवाशुल्क बिलात परस्पर लावू नये, आणि दुसऱ्या कोणत्याही नावानेही लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरले, हे सगळे मी तारखांसह म्हणून दाखवले. शाळेत वक्तृत्वाला मला इतका रंग कधी चढला नव्हता. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी सामना थांबवून शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “साहेब, ते दिल्लीला झालं. हे ठाणं आहे.”

१९१५ या ग्राहक मदतक्रमांकावर आत्ताच्या आत्ता फोन करतो, असे म्हणायला मी तोंड उघडले होते. पण मागे उभी असलेली माणसे आमच्या खुर्च्यांच्या पाठी धरून उभी होती, त्यांतल्या एका लहान मुलाने माझ्या ताटातला पापड उचललाही होता, आणि बायको दाराकडे चालू लागली होती. मी पैसे दिले. निधीसकट दिले, आणि त्या निधीवर लावलेल्या ५ टक्के जीएसटीसकट दिले. वर त्या मुलाच्या हातात वेगळे ५० रुपये ठेवले, कारण कल्याण निधी म्हणजे काय हे त्याला विचारल्यावर तो नुसता हसला होता. तुम्हीही यापेक्षा वेगळे काही कराल असे मला वाटत नाही, म्हणून निदान घरून निघतानाच सुटे पैसे घ्यावेत.

जाताना अभिप्रायाचा कागद देतात. त्यात जेवणासाठी ‘चांगले’, ‘उत्तम’ आणि ‘अप्रतिम’ असे तीन चौकोन असतात. पेन चालत नाही, ही त्यांनी केलेली एकमेव दया.

घरी पोहोचायला साडेदहा वाजतील. त्यानंतर कोणी भुकेचा विषय काढल्यास ओशाळू नये. आमच्याकडे आत्याने कोणालाही न विचारता पदर खोचला, पिशवीतला जवळा दोनदा पाण्यातून काढून त्यातली वाळू घालवली, कढईत दोन कांदे परतून तो वर टाकला, मिरच्या मोडून घातल्या, तीन आमसुले सोडली. भाकरी एकीकडे चालूच होती. आम्ही चौघे ओट्याशी उभ्यानेच, एकाच परातीत जेवलो, आणि सगळे मिळून वीस मिनिटेही लागली नाहीत. कोणी काही बोलत नव्हते. शेवटची भाकरी तव्यावरून उतरवताना आत्याने वळून माझ्याकडे पाहिले. “सर्विस चार्ज किती लावू रे?”