फोनवर सी कंपाइल करायला रूट लागत नाही

‘मोबाइलवर कंपायलर चालतच नाही. ती ॲप्स तुमचा कोड सर्व्हरवर पाठवतात. नेटिव्ह ॲप करायचं तर फोन रूट करा, नाहीतर लॅपटॉप घ्या.’ हा मेसेज सध्या फिरतोय. (कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, नेटिव्ह म्हणजे थेट फोनच्या प्रोसेसरवर चालणारं, आणि रूट करणं म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं.) माझी भाची फोनवरच सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकते. मेसेज वाचून ती रूट करायचे व्हिडिओ शोधायला लागली, तेव्हा मला राहवलं नाही.

सर्व्हरची गोष्ट आधी निकालात काढू. टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवर कमांड चालवायचं ॲप) क्लँग हा सीचा कंपायलर इन्स्टॉल करा, एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद ठेवा आणि कंपाइल करा. प्रोग्राम तयार होतो आणि चालतो. त्यावर ‘फाइल’ ही कमांड चालवली की सरळ दिसतं: ६४ बिटची ईएलएफ फाइल (थेट चालणाऱ्या प्रोग्रामचा प्रकार), फोनमधल्या एआरएम प्रोसेसरसाठी. आता यात सर्व्हर कुठून आला? काही ॲप्स खरंच कोड बाहेर पाठवतात, पण म्हणून सगळी एकाच माळेचे मणी होत नाहीत.

खरा राग रूटच्या ओळीचा आहे. हा गैरसमज कुठून येतो तेही माहीत आहे. नवशिका कोड डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवतो, तिथेच कंपाइल करतो, चालवायला गेला की ‘परमिशन डिनाइड’. लगेच कुणीतरी सांगतं, रूट कर. अहो, ते सामायिक स्टोरेज आहे, तिथून कोणताही प्रोग्राम थेट चालवायला अँड्रॉइडची मनाई असते. सीएचमॉड (फाइलला चालवायची परवानगी देणारी कमांड) करूनही उपयोग नाही. तीच फाइल टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा, परवानगी द्या, चालेल. एवढ्यासाठी रूट करायचं, आणि त्याकरता बूटलोडर (फोन चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक करायचा? त्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, फोनच्या सुरक्षेला भगदाड पडतं आणि बँकेची कित्येक ॲप्स चालायला नकार देतात. शिकणाऱ्या पोरांना हा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे.

यात अर्धं सत्य एवढंच. अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलंय की अँड्रॉइड १० पासून, एपीआय २९ (अँड्रॉइड १० चा आवृत्ती क्रमांक) किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला स्वतःच्या लिहिता येणाऱ्या होम फोल्डरमधून फाइल चालवता येत नाही. म्हणूनच एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या स्टोअरवरचं टर्मक्स एपीआय २८ वर थांबलंय. बंधन खरं आहे, पण त्यावरचा उपाय रूट नव्हे. टर्मक्स तिथून घ्या, काम झालं.

‘जावाशिवाय ॲप होत नाही’ हेही त्याच मेसेजमध्ये आहे. जावा न लिहिता ॲप करायची नेटिव्हॲक्टिव्हिटी ही सोय अँड्रॉइड २.३ पासून आहे, मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणारी फाइल) ‘हॅजकोड’ फॉल्स करा आणि नुसत्या सीच्या लायब्ररीवर एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) बांधा. त्यासाठी लागणारी एएपीटी२ (एपीके बांधणारं) आणि एपीकेसायनर (त्यावर सही करणारं) ही साधनं टर्मक्समध्ये मिळतात.

आयफोनबाबत मात्र मेसेज बराचसा बरोबर आहे, मान्य. तिथलं ए-शेल हे ॲप सी कोड वेबअसेंब्लीत (ब्राउझरसाठीच्या कोडच्या प्रकारात) बदलतं, त्याला नेटिव्ह म्हणता येत नाही. शिवाय अँड्रॉइडसाठी सी-सी++ कोड बांधायचा गूगलचा अधिकृत साधनसंच, एनडीके, विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठीच मिळतो. मोठा सी++ प्रकल्प बांधायला घेतला तर फोन तापतो, आणि एकदम खूप प्रोसेस सोडल्या तर अँड्रॉइड १२ पासून सिस्टिमच त्या मारून टाकते. मोठ्या कामाला कॉम्प्युटर बरा, यावर वाद नाही.

पण पॉइंटर, मेमरी, लिंकिंग शिकायला हातातला फोन पुरतो. मेसेज पुढे ढकलायचाच असेल तर निदान रूटची ओळ काढून ढकला.