चांगल्या कागदावरची प्रत

आज एका मैत्रिणीचा कवितासंग्रह हातात आला. आनंदाने तिच्या प्रकाशकांना फोन केला आणि बोलता बोलता विचारलं, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत गेली का? तर म्हणाले, "अहो, तिथे मराठी कोण वाचणार? आम्ही नाही पाठवत." डोकंच फिरलं माझं.

कोण वाचणार? मी वाचलंय! तिथल्या अलीपूर भागात, बेल्वेडिअर या जुन्या वाड्याच्या आवारातल्या त्या ग्रंथालयात बसून, माझ्या आजोबांचं पुस्तक. प्राथमिक शिक्षक होते ते. गावातल्या विहिरींवर ६४ पानं लिहिली आणि १९५८ साली पदरमोड करून छापली. घरातल्या सगळ्या प्रती वाळवीने खाल्ल्या. आजी गेली तेव्हा एकही उरली नव्हती. तिथे मात्र चिठ्ठी भरून दिली आणि थोड्या वेळाने पुस्तक समोर. शीर्षकपानामागे ग्रंथालयाचा शिक्का, आत घडी घातलेला विहिरींचा नकाशा. आजोबांनी हाताने काढलेला. तो मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

हे आपोआप होत नाही हो. १९५४ चा कायदा आहे. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याला द्यायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. कोलकात्याची प्रत तर नकाशा-चित्रांसकट पूर्ण आणि सगळ्यात चांगल्या कागदावरची हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. खेड्यातल्या एका मास्तरांनी ते पाळलं. आणि शहरात ऑफिस थाटून बसलेल्यांना जमत नाही?

छोट्या प्रकाशकाला टपालखर्च जड जातो, मान्य. पण चारच प्रती आहेत!

ते ग्रंथालय मुळात उभंच राहिलं लोकांनी दिलेल्या पुस्तकांवर. १८३६ मध्ये कलकत्ता पब्लिक लायब्ररी निघाली तेव्हा फोर्ट विल्यम कॉलेजची ४,६७५ पुस्तकं तिला मिळाली. पुढे कर्झनने ती इम्पीरियल लायब्ररीत मिसळली आणि १९०३ मध्ये लोकांसाठी खुली केली. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं, आणि १ फेब्रुवारी १९५३ ला मौलाना आझादांच्या हस्ते बेल्वेडिअरचं दार उघडलं. जिथे पूर्वी लाटसाहेब राहायचे, त्या आवारात आता कुणीही जाऊन वाचत बसावं. शिवाजी महाराजांवर लिहिणाऱ्या जदुनाथ सरकारांचा ग्रंथसंग्रह तिथे आहे. त्याच ग्रंथालयात माझ्या आजोबांच्या विहिरी आहेत.

प्रत्येकाला कोलकात्याला जाणं जमत नाही, तेही खरं. मलाही एकदाच जमलं. पण ज्या बंगाली ताईंनी ते पुस्तक आणून दिलं, त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी त्यांनी ते दोन्ही हातांनी, मागची बाजू वर येणार नाही अशा बेताने, माझ्यासमोर ठेवलं. हे आठवलं की राग ओसरतो आणि नुसतं भरून येतं.

संध्याकाळी दुकानातून मैत्रिणीच्या संग्रहाच्या चार प्रती विकत आणल्या. एकीचा कोपरा दुमडलेला होता, ती बदलून घेतली. उद्या पोस्ट उघडलं की पार्सल करतेय.