अर्जुन विमानात बसतो, कुमार मागे राहतो

परवा रात्री 'द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली' तिसऱ्यांदा पाहिला. अजून डोक्यातून जात नाहीये.

पीटर वेअरचा १९८२ चा सिनेमा. १९६५ सालचं जकार्ता. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांची पकड सैल होत चाललेली, एकीकडे कम्युनिस्ट पक्ष, दुसरीकडे लष्कर, भडका कधी उडेल सांगता येत नाही. अशात नवखा ऑस्ट्रेलियन बातमीदार गाय (मेल गिब्सन) आणि ब्रिटिश दूतावासातली जिल (सिगोर्नी वीव्हर) प्रेमात पडतात.

'क्रांतीच्या पार्श्वभूमीवरची प्रेमकथा' असं याचं वर्णन वाचलं की मला राहवत नाही. अहो, इथे राजकारण मागच्या पडद्यावर नाहीच, ते थेट त्या दोघांच्या मध्ये येऊन बसतं! कम्युनिस्टांसाठी शस्त्रांचं जहाज येतंय ही गुप्त खबर जिल त्याला सांगते, ती त्याने वेळेत निघून जावं, जगावं म्हणून. आणि त्याला त्यात दिसते बातमी.

दोघांची गाठ घालून देणारा छायाचित्रकार बिली क्वान हा खरा या सिनेमाचा जीव. लिंडा हंट या अभिनेत्रीने हा पुरुष साकारला आणि ऑस्कर मिळवलं. बिली गायला वायांगच्या, म्हणजे जावामधल्या सावल्यांच्या खेळातल्या बाहुल्या दाखवतो: हा अर्जुन, ही श्रीकंदी. (आपला शिखंडी जावामध्ये राजकन्या आहे.) अर्जुन शूर, पण चंचल आणि स्वार्थीही. मग कृष्णाचं बोलणं येतं: धुराने विस्तव झाकावा, धुळीने आरसा, तसं वासनेने सगळं झाकलं जातं. गीतेचा तिसरा अध्याय जकार्तातल्या एका खोलीत असा अचानक समोर आला, तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला होता. गायचं पुढचं सगळं वागणं त्या एका वाक्यात आहे.

शेवटी एका डोळ्यावर पट्टी बांधलेला गाय विमानतळ गाठतो, टेपरेकॉर्डर तिथेच सोडतो आणि शिडी चढून जिलला मिठी मारतो. सुंदर दृश्य आहे, नाही कशाला म्हणू? पण त्याला तिथवर गाडीतून आणणारा त्याचा मदतनीस कुमार कम्युनिस्ट पक्षाचा माणूस आहे. पुढच्या काही महिन्यांत इंडोनेशियात कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून किंवा संशयावरून निदान पाच लाख माणसं मारली गेली, असा अंदाज आहे. वेअरचा कॅमेरा मात्र त्या दोघांबरोबर निघून जातो. हे मला खुपतं, दर वेळी जास्तच.

परवा ती मिठी मी धड पाहिलीच नाही. गाडी वळवून कुमार कुठल्या रस्त्याने परत गेला असेल, हेच मनात घोळत राहिलं.