लेकरांच्या बोटांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या गुरुजींना

नमस्कार गुरुजी. डिस्कॅल्क्युलियावरच्या, म्हणजे लेकराला आकडे आणि हिशेब उमजायला जड जाण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही अंबाजोगाईहून लिहिलंत : ‘हे शहरी चोचले. बोटांवर मोजू दिलं की लेकरू जन्माचं पांगळं होतं. आम्ही तीसपर्यंत पाढे घोकून घेतले, एकालाही असला रोग नव्हता. तालुक्याला चाचणी करणार कोण, लातूरला चकरा मारायला पैसे कुणाकडं आहेत? आणि बाई, तुम्हालाच एकोणऐंशी कळत नाही.’

शेवटचं आधी. एकोणऐंशीपुढं मी ८९ लिहिलं होतं, ७९ हवं. चूक माझी, दुरुस्त केली. पण ‘बाई, तुम्हालाच’ हा सूर कशाला? सोळा वर्षं आकड्यांत अडखळणाऱ्या लेकरांना शिकवण्याचं काम करतेय, मुद्दा सांगायला मला कुणावर खेकसावं लागलेलं नाही. आणि मोठ्या माणसाचा हात जिथं घसरतो, तिथं दुसरीतल्या लेकराचं काय होत असेल? ‘बावन्न’मध्ये दोन आधी ऐकू येतो, म्हणून ते आधी २ लिहितं, मग ५. झाले पंचवीस. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ आणलं, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. तुम्हीही केलीच असेल.

रोग कुणी म्हटलंच नव्हतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलिया अध्ययन अक्षमता, म्हणजे शिकण्यातली अडचण, म्हणून नोंदलेला आहे. चोचल्यांचा कायदा होत नसतो.

आता बोटं. ८ + ५ करताना लेकरू एकपासून मोजतंय, की ‘आठ’ मनात धरून नऊ, दहा असं पुढं जातंय, एवढं नुसतं बघा. एकपासून मोजत असेल आणि तुम्ही बोटं बंद केलीत, तर ते बाकाखाली मांडीवर मोजतं. एकपासूनच. त्यापेक्षा आठ चिंचोके वाटीखाली झाका आणि पाच बाहेर ठेवा. झाकलेले मोजता येत नाहीत, मग ‘आठ’ धरूनच पुढं सरकावं लागतं. हे जमलं की अंड्यांच्या ट्रेचा दहा खणांचा तुकडा कापा, पाच-पाचच्या दोन रांगा. आठ खण भरलेले, पाचातले दोन रिकाम्या खणांत, हातात उरले तीन. दहा आणि तीन. इथवर आलेल्या लेकराची बोटं बहुधा आपोआप मिटतात. काहींची कधीच पुरती मिटत नाहीत, त्यानं काही आभाळ कोसळत नाही.

बोटं बंद करून काय उरतं, ते ५२ − २७ मध्ये दिसतं. उत्तर येतं ३५. ‘दोनातून सात जात नाहीत’ हे पाठ आहे, म्हणून ते सातातून दोन काढतं. ‘उसना घे’ म्हणून ओरडलात तर पाच खोडून चार करतं, पण तो एक गेला कुठं हे त्याला ठाऊक नसतं. खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहाच्या जुड्या त्यालाच बांधू द्या, तयार जुड्या दिल्यात तर जुडी म्हणजे दहा हे हातात मुरतच नाही. पाच जुड्या, दोन सुट्या. सात मागा. नाहीत म्हटल्यावर एका जुडीचं रबर काढायला लावा : सुट्या बारा, त्यातून सात गेल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून दोन गेल्या. रबर काढणं म्हणजेच उसना घेणं. रोज पंधरा मिनिटं पुरे, तासभर नको. थकलेलं लेकरू अंदाजे ठोकायला लागतं.

पाढ्यांचं म्हणाल, तर ‘सात आठे छप्पन्न’ घडाघडा म्हणणाऱ्या पोराला एकदम आठ साते विचारा. आठ एके आठपासून सुरुवात करतंय का बघा. माझ्याकडं दोन, पाच, दहाचे पाढे आधी पक्के करतात. मग पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. तुमच्या वर्गात ‘एकालाही नव्हता’ म्हणता, शेवटच्या बाकावरचे ‘ढ’ धरून की वगळून?

चाचणी आणि लातूरच्या चकरांचं विचारलंय, तो त्या लेखाचा विषयच नव्हता. पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, ‘बाई’नंतर स्वल्पविराम नसला तरी चालेल, टोमणा नको.