राजवाडा बॅरेंट्स समुद्रात

गणपतीच्या वर्गणीसाठी सगळ्या सदस्यांच्या घरांचा नकाशा करून देतो, असं मी मंडळाच्या मीटिंगमध्ये का बोललो, ते अजून उमगलेलं नाही. पुढ्यात पोहे-जलेबी होती, आणि पोह्यांवर शेव पडली की इंदूरचा माणूस कशालाही हो म्हणतो.

"किती दिवस लागतील?" सेक्रेटरीकाकांनी विचारलं.

"दिवस कसले काका, पायथनच्या दहा ओळी!"

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्या पोटात पायथन या संगणकी भाषेत हुकूम लिहायचा कन्सोल असतो. त्यात ओळ लिहिली की नकाशा हलतो म्हणतात. मी जपून ठेवलेला जुना कोड चिकटवला, तर 'क्यूजीएसमॅपलेयररजिस्ट्री' नावाचं इथे कुणी राहत नाही, असं उत्तर आलं. २०१८ साली क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ती आली, पायथन २ गेलं, आणि या बाईंचा संसार क्यूजीएसप्रोजेक्टच्या घरी हलला. मला कुणी कळवलं नाही.

दुसरी संध्याकाळ टॅब आणि स्पेसमध्ये गेली; ओळीआधीच्या रिकाम्या जागेत दोन्हींची सरमिसळ पायथनला खपत नाही. त्या रिकाम्या जागेवर काही बोलण्यासारखं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी कोड बिनतक्रार चालला. ७३ ठिपके उमटले म्हणे, पण इंदुरात एकही नाही! नकाशा लहान करत करत गेलो, तर सगळं मंडळ नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात. आपण शाळेपासून 'अक्षांश-रेखांश' असं घोकलेलं. याला आधी रेखांश लागतो. इंदूरचा राजवाडा २२.७२, ७५.८५ वर. आकडे उलटे पडले की तो थेट ७५.८५ उत्तर अक्षांशावर. रामबाग, लोकमान्य नगर, पळशीकर कॉलनी, सगळी बर्फगार पाण्यात.

"अहो, तिथे वर्गणी कोण देणार?" बायको खांद्यावरून डोकावून म्हणाली.

आकडे पालटले. मग हुरूप आला आणि मांडवाभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढायला गेलो. बफर, म्हणजे असं वर्तुळ काढायच्या साधनात, ५०० लिहिलं, पण लेयर, म्हणजे ठिपक्यांचा थर, मीटरमध्ये नव्हे तर अंशांत होता. पृथ्वीला वळसा घालायला ३६० अंश पुरतात. माझ्या हिशेबाने अख्खं जग मांडवापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मीटर हवे असतील तर यूटीएम घ्यायचं, म्हणजे पृथ्वीच्या उभ्या पट्ट्या, झोन, पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत. इंदूरचा झोन ४३. ग्वाल्हेर ७८ रेखांशाच्या जरासं पलीकडे, म्हणून ४४. सासर आणि माहेर वेगवेगळ्या झोनमध्ये आहेत, हे बायकोला लग्नापासून ठाऊक होतं.

एवढ्यात काकांना "एक बटण दाबलं की झालं" असं हवं झालं. म्हणजे प्लगिन, क्यूजीआयएसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. बटणाचं चित्र बदलायला एक ओळ, आणि ती ओळ दिसावी म्हणून क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडा. असं चौदा वेळा. प्लगिन रीलोडर नावाचं प्लगिन याच दुखण्यावर आहे, हे पंधराव्या वेळी कळलं.

शेवटी नकाशा छापून दिला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकांचा फोन.

"सगळीकडे जाऊन आलो रे. पण पळशीकर कॉलनीतल्या मावशी रागावल्यात, त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही."

मावशींचं नाव मागाहून आलं होतं, ते मी हाताने भरलं होतं. लॅपटॉप उघडला आणि नकाशा लहान करत नॉर्वेपर्यंत गेलो. मावशी तिथेच होत्या.